उल्मेकेनताईंना कुणी सांगायचं?

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या अख्ख्या लाईनीला माहीत आहे. कुणाची मुलगी कुणाबरोबर पळाली, कोणत्या ड्रायव्हरची बायको रुसून माहेरी जाऊन बसली, ही खबर हवी असली की लोक सरळ आमच्या डब्यात येतात आणि माझ्या हातचा चहा मागतात. आणि नेमकी मलाच त्या दिवशी गप्प बसायची शिक्षा झाली. तीही कुणापुढे, तर उल्मेकेनताईंपुढे. एका डब्यावर आम्ही दोघी कंडक्टर, एक झोपायची तर दुसरी जागायची. एका टीचभर खोलीत आणि एका बंबाच्या पाण्यावर आम्ही अर्धं आयुष्य काढलं होतं.

जुलै महिना होता. अल्माटीहून निघालेली आमची गाडी सकाळी किझिलोर्दाला उभी होती. मी फलाटावर उतरून दाराचे दांडे पुसत होते, तेवढ्यात गाडीप्रमुख तोक्तार आगा माझ्याकडे येताना दिसले. हा माणूस एरवी चालतानासुद्धा ओरडतो. त्या दिवशी टोपी हातात घेऊन मुकाट येत होता.

मी आपली सवयीनं सुरू झाले. “आगा, माझ्या डब्यात एकही फुकट्या नाही. वाटल्यास सीटखाली वाकून बघा.”

“सागिला, जरा गप्प बस. मेईरम बुडाला. काल संध्याकाळी सिर नदीत पोहायला उतरला होता. आज पहाटे सापडला.”

“कोणता मेईरम?” मी विचारलं, पण माझे हात आधीच थांबले होते.

“किती मेईरम ठाऊक आहेत तुला? आपल्या उल्मेकेनचा.”

मी दांड्यालाच धरून राहिले. आत उल्मेकेनताई चादरींच्या घड्या घालत होत्या, खिडकीतून त्यांचा दंड दिसत होता. तोक्तार आगा मला दोन डबे पुढे घेऊन गेले आणि मग हळूच बोलायला लागले. बातमी मेईरमच्या काकांनी, अबिलनी, फोन करून दिली होती. उल्मेकेनताईंना काही कळू द्यायचं नाही. काझाली स्टेशनावर अबिल चार म्हाताऱ्यांना घेऊन येतील, तिला उतरवून घेतील, घरी नेऊन सांगतील. गाडी दुपारच्या आत काझालीला पोचते, मातीला वेळ आहे. तोवर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

“आणि हे तुम्ही मला सांगताय? माझी जीभ ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“म्हणूनच आधी तुला सांगतोय. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर आत्तापर्यंत गळा काढला असतास.”

खरं होतं ते. आमच्यात मरणाची बातमी उभ्या उभ्या, एकट्या माणसाच्या अंगावर टाकत नाहीत. वडीलधारी जमतात, इकडचं तिकडचं काढतात, कुणीतरी पूर्वजांच्या दोन ओळी म्हणतो. ज्याचं गेलंय त्याच्या दोन्ही बाजूंना आधाराला माणसं बसतात आणि मग सावकाश ते वाक्य येतं. गाडीच्या डब्यात, परक्या लोकांत, हातात झाडू असताना बाईला सांगायचं की तुझा मुलगा गेला, हे पाप. मला ते पटत होतं. तेव्हा पटत होतं.

आता उल्मेकेनताई कोण, ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

काझालीच्या थोडं अलीकडे अक्कुम नावाचं गाव आहे. गाव कसलं, लाईनीच्या कडेला विखुरलेली घरं आणि वाळू. तिथं त्या लग्न होऊन आल्या. नवरा दोसान रेल्वेतच सांधेवाला होता. पहिला मुलगा झाला आणि सासूबाईंनी, बाल्झान आपांनी, तो मागून घेतला. यात जगावेगळं काही नाही. आमच्यात पहिलं मूल आजी-आजोबांचं, ते त्यांना आई-बाप म्हणतं, त्यांच्याच अंथरुणात वाढतं. माझा थोरला भाऊही असाच आजीचा. पण काही घरांत हे नुसतं म्हणायला असतं, आणि काही घरांत खरोखरचं. बाल्झान आपांकडे ते खरोखरचं होतं. दूध तुटल्या दिवसापासून मेईरम त्यांचा. त्यानं आईला काय म्हणायचं तेही त्यांनीच शिकवलं. थोरल्या भावाच्या बायकोला म्हणतात तसं, वहिनी.

पोटच्या पोरानं आईला वहिनी म्हणायचं! मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. उल्मेकेनताईंनी हूं की चूं केलं नाही. पुढे दोन मुली झाल्या, दोसान छातीच्या दुखण्यानं गेला, रेल्वेनं विधवेला नोकरी दिली. निळा कोट चढवून त्या डब्यावर आल्या त्या कायमच्या. मुली मोठ्या करून सासरी धाडल्या. डब्यात त्यांनी कधी आवाज चढवला नाही. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या माणसासमोर त्या नुसत्या जाऊन उभ्या राहायच्या, आणि तो बाप्या आपणहून बर्थवर चढून झोपायचा. मी मात्र तेच काम शिव्या देऊन करायची आणि तरी ते व्हायचं नाही.

आमची गाडी अक्कुमला थांबत नाही, फक्त वेग कमी करते. तेवढ्यात उल्मेकेनताई पिवळी झेंडी घेऊन दारात उभ्या राहायच्या. खाली मेईरम वाट बघत असायचा, पुढे पुढे उंच होत गेलेला. त्या गाठोडं टाकायच्या. कधी गोळ्या, कधी मोजे, कधी शाळेचं दप्तर. तो डब्याबरोबर धावायचा आणि ओरडायचा, “वहिनी! वहिनी!” मग गाडी वेग घ्यायची. ताई आत येऊन उगाचच खूप वेळ हात धुवायच्या. एकदा मी न राहवून बोलले, “पोर तुमचं, आणि हा मेला वहिनी काय म्हणतो?” त्या पुढच्या अख्ख्या फेरीत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पुन्हा मी तो विषय काढला नाही. म्हणजे त्यांच्यासमोर नाही.

तर अशा बाईचा मुलगा गेला होता, आणि ती मला म्हणत होती, “अगं सागिला, काय झालंय तुला? तोंड का असं? तोक्तारनं झापलं का?”

“उन्हानं डोकं चढलंय,” मी म्हटलं.

गाडी सुटली. मी शपथेवर सांगते, त्या सकाळी त्या जितक्या खूश होत्या तितकं खूश मी त्यांना वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं. शरदात मेईरमचं लग्न ठरलं होतं. अल्माटीच्या बाजारातून त्यांनी होणाऱ्या सुनेसाठी चांदीची कर्णफुलं आणली होती. सासूनं सुनेच्या कानात ती घालायची असतात.

“मी आपांच्याच हातात देणार. त्याच घालतील. मी आपली मागे उभी राहीन. दिसलं म्हणजे झालं.” रुमालाची गाठ सोडून, बांधून, पुन्हा सोडून त्या मला दाखवत होत्या. “साधी आहेत का गं? मुलगी शहरातली आहे. आजकालच्या मुलींना काय आवडतं कोण जाणे.”

“छान आहेत,” मी म्हटलं, आणि चहाचे ग्लास घेऊन बाहेर पळाले. बंबाजवळ उभी राहून मी स्वतःच्या दंडाला कडकडून चावले. हसू नका. रडू आवरायला दुसरा उपाय सुचला नाही.

पुढची भीती फोनची. तेव्हा मोबाईल नुकते आले होते. माळरानात रेंज नसायची, पण स्टेशन जवळ आलं की खणखणायला लागायचे. एखाद्या शहाण्यानं सांत्वनाला फोन केला की संपलं. ताई चहा वाटायला गेल्या तशी मी त्यांच्या कोटातून फोन काढला, बॅटरी काढून माझ्या मोज्यात सारली आणि फोन परत ठेवला. थोड्या वेळानं त्या तो हलवून, फुंकून बघायला लागल्या.

“मेला बंद पडला वाटतं. मेईरमला सांगायचं होतं, आज गाठोडं जड आहे, नीट झेल म्हणून.”

“उन्हानं बंद पडतात,” मी म्हटलं. त्या दिवशी सगळा दोष उन्हाच्या माथी.

आणि ऊन तरी काय साधं होतं! खिडकीची चौकट हाताला पोळत होती. रूळ तापून वाकायला लागले की गाडी हळू चालवायचा हुकूम येतो, तसा तो आला. आधी गाडी बैलगाडीसारखी झाली, मग थांबली. सिग्नल लाल, बाहेर पिवळं गवत, दोन उंट, आणि काही नाही. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. मी घड्याळ बघत होते. काझाली दुपारच्या आत येणार म्हणून मी जीभ आवरून धरली होती, आणि काझाली तर अजून कुठच्या कुठे होतं. अशा उन्हात, बर्फाची पेटी नसलेल्या गावात, पाण्यातून काढलेलं माणूस किती वेळ ठेवतील?

एवढ्यात दुसरं संकट उभं राहिलं. किझिलोर्दाला खरबुजांच्या पोत्यांसकट एक जाडजूड बाई चढली होती, काझालीकडची. तिला घरून कळलेलं असणार. उल्मेकेनताई बोळातून पलीकडून येत होत्या. त्यांना बघताच या बाईनं पदरासारखं रुमालाचं टोक डोळ्यांशी नेलं, छाती भरून श्वास घेतला आणि सूर लावायला तोंड उघडलं. मी माझ्या हातातल्या ताटलीतला तळलेला पावगोळा उचलला आणि सरळ तिच्या तोंडात कोंबला.

“खा, मावशी, गरम आहे!” म्हणून तिला ढकलत ढकलत मी बंबामागच्या कोळशाच्या कोनाड्यात नेलं. “एक शब्द बोललीस तर खरबुजांसकट खाली फेकीन.”

“अगं, पण तिला ठाऊक नाही?” ती घास गिळून कुजबुजली. “तिथं तर तंबू उभारलाय. अक्कुमचं घर लाईनीवरूनच दिसतं की. गाडी समोरून जाईल तेव्हा तिला काय दिसेल?”

हे ना तोक्तार आगांच्या डोक्यात आलं होतं, ना अबिलच्या, ना माझ्या. घरात माणूस गेलं की आमच्याकडे अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारून त्यात मयत ठेवतात, बाहेर पुरुष काठ्यांवर वाकून रांगेत उभे राहतात. ताई झेंडी घेऊन दारात उभ्या राहणार, गाठोडं घेऊन, आणि खाली मेईरम नसणार. तंबू असणार. आणि गाडी थांबणार नाही.

झोसाली स्टेशन आलं तशी मी धावत तोक्तार आगांकडे गेले. ते फलाटावर फोन कानाला लावून उभे होते. पलीकडे अबिल बोलत होते, आवाज एवढा मोठा की मला सगळं ऐकू येत होतं. दुपारची नमाज होऊन गेलीय. उन्हात मयत ठेवणं बरं नाही. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर उचलणार, गाडी येवो न येवो.

“तिला चेहरा तरी बघू द्या,” तोक्तार आगा म्हणाले.

“आई इथंच आहे त्याची,” अबिल म्हणाले. “आईसाठी थांबतात. वहिनीसाठी अख्खं गाव उन्हात उभं ठेवू?”

मी फोन हिसकावून घेतला. काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. पलीकडून फोन बंद झाला.

“शाब्बास,” तोक्तार आगा म्हणाले. “आता तर ते नक्कीच थांबणार नाहीत.”

“आगा, रस्ता लाईनीच्या बाजूनंच जातो. इथून मोटारीनं निघालं तर असरच्या आत पोचता येईल. गाडीनं नाही.”

“उतरवायचं म्हणजे कारण सांगावं लागेल. कारण काय सांगू?”

“खरं ते.”

“वेडी आहेस? मी तिचा सगासोयरा नाही, वडीलधारा नाही. फलाटावर सांगू? बाई जागच्या जागी कोसळली तर?” त्यांनी कपाळ पुसलं. “सासू आजारी आहे म्हणून सांगतो. असंच सांगतात. वाटेत तिला आपोआप समजेल.”

आम्ही डब्याशी आलो. उल्मेकेनताई दाराशी उभ्या होत्या. तोक्तार आगांनी टोपी काढली, घातली, आणि म्हणाले, “उल्मेकेन, तुझ्या सासूबाईंची तब्येत बरी नाही असा फोन आलाय. तू इथून मोटारीनं पुढे जा. मी परवानगी देतो.”

ताई हसल्या. “आपा? अहो आगा, आपा दर उन्हाळ्यात मरायला टेकतात. थंडी पडली की ठणठणीत होतात. डबा अर्ध्यावर टाकून कशी जाऊ? सागिला रात्रभर जागलीय. परतीच्या फेरीत उतरेन.”

“अगं, पण जास्त आहे म्हणे.”

“मग तर मी गाडीतच बरी. मी समोर दिसले की त्यांचं दुखणं वाढतं.” आणि त्या खळखळून हसल्या.

इंजिनानं शिट्टी दिली. तोक्तार आगा माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. एवढा मोठा माणूस, दोनशे माणसांवर ओरडणारा, पण त्याला सरळ सांगता येईना. काहीतरी ओळी म्हणायला लागले, “उंच कड्यावरचा ससाणा…” आणि पुढचं त्यांना आठवेना. ताईंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, पण डोळे बदलले. ससाण्याच्या ओळी कुणासाठी म्हणतात ते आमच्यात लहान पोरालाही कळतं. तरणा मुलगा गेला की म्हणतात, म्हातारीसाठी नाही.

“सागिला,” त्या म्हणाल्या. “हा काय म्हणतोय?”

मला ओळी येत नाहीत. मला आडून बोलता येत नाही, जन्मात कधी आलं नाही. मी पायरी चढून त्यांचे दोन्ही दंड घट्ट धरले, कारण दोन्ही बाजूंना धरायला दुसरं कुणी नव्हतं.

“ताई, मेईरम गेला. काल नदीत. असरनंतर नेणार आहेत. आत्ता उतरलात तर तोंड बघायला मिळेल.”

त्या किंचाळल्या नाहीत. कोसळल्याही नाहीत. मी धरलेले दंड मात्र लाकडासारखे कडक झाले. त्या माझ्या खांद्यावरून फलाटाकडे बघायला लागल्या. मग विचारलं, “आपांना कळलंय?”

बघा. पहिला प्रश्न हा. पोटचा पोर गेला आणि ही बाई विचारते, त्याच्या आईला कळलंय का. मला इतका राग आला, आपांचा, अबिलचा, त्या चालीरीतींचा, आणि खरं सांगू, ताईंचासुद्धा, की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“कळलंय. उतरा आता.”

“तू पण जा हिच्याबरोबर,” तोक्तार आगा खेकसले. त्यांचा जुना आवाज परत आला होता. “डबा मी बघतो. चहा मला करता येतो. जा म्हणतो ना!”

स्टेशनाबाहेरच्या मोटारवाल्याला मी एवढंच म्हटलं की हिचा मुलगा गेलाय, असरच्या आत अक्कुमला पोचव. त्यानं हातातली बिडी टाकली आणि मागच्या सीटवरची दोन गिऱ्हाइकं हात जोडून खाली उतरवली. तीही काही न बोलता उतरली.

रस्ता असा की हाडं खिळखिळी व्हावीत. काचा खाली केल्या तर भट्टीचा वारा, वर केल्या तर जीव गुदमरतो. मी ड्रायव्हरला सारखी म्हणत होते, “हाण, भाऊ, हाण,” आणि तो म्हणत होता, “ताई, टायर फुटला तर कुणाचंच तोंड बघायला मिळणार नाही.” सूर्य आमच्या समोर आला होता, उतरत चालला होता. ताई मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या होत्या. डोळे कोरडे.

“रडा,” मी म्हटलं. “माझ्यासमोर तरी रडा.”

“आत्ता रडले तर तिथं मला आवरता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “सागिला, नीट ऐक. तिथं मी वहिनी आहे. शोकाचं गाणं आपा म्हणतील, मान त्यांचा. मी दारालगत, सुनांच्या ओळीत बसेन. माझ्या तोंडून भलतंच काही निघायला लागलं तर मला चिमटा काढ. जोरात काढ.”

“मी नाही काढणार.”

“काढशील. तुला माझी शपथ आहे.”

“अहो, कसल्या मातीच्या आहात तुम्ही? नऊ महिने कुणी वागवला त्याला?”

बाजूच्या लाईनीवर एक मालगाडी उभी होती, लांबच लांब. आम्ही तिला मागे टाकत होतो. त्या मान वळवून तिचे डबे बघत राहिल्या.

अक्कुम आलं तेव्हा अंगणात तंबू होता, माणसांची रांग होती, आणि एक उघडा ट्रक मागचं फळकूट पाडून तंबूच्या दाराशी लावलेला होता. नमाज झाली होती. म्हणजे उचलायलाच निघाले होते. मोटार थांबायच्या आत मी दार उघडलं. ताई उतरल्या, डोक्याचा रुमाल सारखा केला आणि तंबूच्या दिशेनं चालायला लागल्या. धावत नव्हत्या. मीच त्यांना ओढत होते.

दारात अबिल आडवे आले. उंच माणूस, डोळे सुजलेले. त्यांचंही काळीज फाटलेलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त त्यांचा आडवा हात दिसला.

“उशीर झाला,” ते म्हणाले. “कफन बांधलं. झाकलेलं तोंड पुन्हा उघडत नाहीत. बायकांत जाऊन बस.”

ताईंनी मान खाली घातली. खरंच घातली! त्या वळल्याही, बायकांच्या घराकडे. तेव्हा मात्र माझी जीभ सुटली.

“ए, काठीवाल्या! कुणाला बायकांत बस म्हणतोस? हिच्या पोटातून आलाय तो! तू कोण झाकणारा? दोन गाठी सोडायला तुझं काय जातं रे? हिला आत सोड, नाहीतर मी या ट्रकच्या चाकाखाली आडवी पडते, मग घेऊन जा माझ्या अंगावरून!”

अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. परक्या बाईनं, रेल्वेच्या निळ्या कोटात, मयताच्या दारात असं ओरडणं म्हणजे काय ते मला कळत नव्हतं असं नाही. दोन म्हातारे मला बाजूला करायला पुढे आले. ताई माझा हात धरून कुजबुजत होत्या, “सागिला, नको गं, नको.”

आणि आतून आवाज आला. बसलेला, घोगरा, सकाळपासून गाऊन गाऊन फाटलेला.

“कोण आहे बाहेर?”

अबिल मागे वळून पडद्याकडे बघायला लागले.

“अबिल, कोण आहे म्हणते मी?”

“उल्मेकेन आलीय, आई,” अबिल म्हणाले.

तंबूचा पडदा सरकला. बाल्झान आपा दोन सुनांच्या आधारानं उभ्या होत्या. मी त्यांचं इतकं ऐकलं होतं की मला वाटायचं कुणी धिप्पाड बाई असेल. केवढीशी म्हातारी होती ती! पांढऱ्या रुमालात चेहरा कुठे आहे तेही शोधावं लागत होतं. या बाईनं पोर ओरबाडून घेतलं, म्हणून मी वर्षानुवर्षं तिला मनातल्या मनात शिव्या घालत आले होते. आता ही काय बोलते म्हणून मी पुढचा शब्द तोंडात तयार ठेवला होता.

त्यांनी अबिलच्या आडव्या हातावर आपला हात ठेवला आणि तो खाली केला.

“बाजूला हो,” त्या म्हणाल्या. “त्याची आई आलीय.”

अबिल म्हणाले, “पण आई, बांधलंय…”

“बांधलेलं नाही. डोक्याकडची गाठ मी मारू दिली नाही. मला फसवून तुम्ही उचलणार होतात, मला काय कळत नाही? दुपारपासून तिची पट्टी मुठीत धरून बसलेय मी.” आणि त्यांनी मूठ उघडून दाखवली. वीत-दीड वीत पांढरी पट्टी होती तिच्यात, घामानं भिजलेली.

ताई हलल्याच नाहीत. त्यांना ऐकू आलं नसावं, किंवा ऐकू आलं आणि कळलं नसावं. म्हातारीनं सुनांचे हात सोडले, दोन पावलं पुढे आली आणि त्यांचा हात धरला.

“ये,” आपा म्हणाल्या. “मी सकाळपासून त्याच्या उशाशी बसलेय. आता तू बस. मी रडून घेतलं. आता तू रड.”

मी त्यांच्या मागोमाग आत गेले, शपथ घातली होती ना. आपांनी त्यांना स्वतःच्या जागेवर, उशाशी बसवलं आणि स्वतः खाली सुनांच्या ओळीत सरकून बसल्या. कुणीतरी चेहऱ्यावरचं कापड मागे घेतलं. मेईरम झोपल्यासारखा वगैरे दिसत नव्हता. नदीनं त्याला जसं ठेवलं होतं तसा दिसत होता. ताईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. गाडीतून कधी हात पोचला नव्हता तिथवर. मग तोंड उघडलं, पण आवाज येईना. पुन्हा उघडलं. आमच्यात आई लेकराला शिंगरू म्हणते, फक्त आईच म्हणते.

“माझं शिंगरू,” त्या म्हणाल्या. आधी इतकं हळू की फक्त आम्हाला ऐकू आलं. मग मोठ्यानं, मग अंगणभर. “माझं शिंगरू! माझं शिंगरू गं!”

मी चिमटा काढला नाही. बाहेर सूर्य कलंडत होता, ट्रकचं इंजिन चालू होतं. अबिलनी हात वर करून ते बंद करायला लावलं. माणसं काठ्या टेकून उभी राहिली, आणि कुणीही घाई केली नाही.